आम्ही म्हणजे ओव्हरबर्डन

एक शब्द आधी नीट तोंडात घोळवा. ओव्हरबर्डन. खाणवाले त्याला लाडानं ओबी म्हणतात. चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, वणी या पट्ट्यातलं शेंबडं पोरही हा शब्द ओळखतं, कारण त्याच्या घरामागं जो डोंगर उभा आहे, त्याचं नावच ओबी आहे. हा डोंगर निसर्गानं उभा केलेला नाही, डंपरनं ओतलेला आहे. उन्हाळ्यात तो धूळ होऊन नाकात जातो. पावसाळ्यात चिखल होऊन नाल्यात उतरतो.

ओव्हरबर्डन म्हणजे काय? खाणशास्त्राच्या पुस्तकातला अर्थ साधा आहे. उपयोगाच्या खनिजाच्या वर जे जे काही आहे, ते सगळं ओव्हरबर्डन. मराठीत वरचं ओझं. कोळसा खाली, त्याच्या डोक्यावर ओझं. ओझं फोडायचं, उचलायचं, फेकायचं आणि कोळसा मोकळा करायचा.

आता हे ओझं म्हणजे नेमकं काय ते बघू. सगळ्यात वर काळी माती. शेकडो वर्षं जातात तेव्हा कुठं तिचा बोटभर थर तयार होतो. तिच्या खाली मुरूम, चिकणमाती, वालुकाश्म. काळ्या मातीवर कापूस, तूर, ज्वारी. बांधावर मोहाचं झाड. शेताच्या कडेला विहीर. विहिरीच्या पलीकडं गाव. गावाच्या पलीकडं आपली वस्ती, वस्तीत विहार आणि वस्तीच्या शेवटी आपली माणसं पुरलेली जागा. कोळशाच्या नकाशावर ह्या सगळ्याला एकच नाव आहे. ओझं.

आणि हे ओझं थोडंथोडकं नाही. २०२२-२३ ह्या एका वर्षात कोल इंडियानं ७० कोटी टनांवर कोळसा काढला. त्यासाठी १६० कोटी घनमीटरहून जास्त ओबी उपसलं. एक टन कोळशामागं दोन घनमीटरच्या वर माती-दगड. ह्या हिशेबालाही त्यांच्याकडं शब्द आहे, स्ट्रिपिंग रेशो. स्ट्रिप म्हणजे अंगावरचं उतरवणं. जमिनीला नागवं करायचं प्रमाण! त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. आपण फक्त मराठीत वाचून दाखवतोय.

कुणी म्हणेल, अरे, तांत्रिक शब्द आहे तो, इंजिनिअरच्या सोयीचा. त्यात कसलं राजकारण शोधता?

दोस्तहो, हे आपल्याला सांगू नका. ह्या देशात शब्दांनी माणसं कशी मारतात हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कोण उपयोगाचं, कोण टाकाऊ, कोण आत, कोण वेशीबाहेर, ह्याची यादी हजारो वर्षं शब्दांतच लिहिली गेली. पहिल्यांदा नाव ठेवायचं, मग त्या नावाप्रमाणं वागवायचं. अस्पृश्य म्हटलं की शिवायचं नाही. ओझं म्हटलं की उचलून फेकायचं. पद्धत तीच. पूर्वी तिच्या हातात पोथी होती, आता प्रोजेक्ट रिपोर्ट आहे.

आणि टाकाऊ काय हे तरी निसर्ग ठरवतो का? बिलकुल नाही. ते बाजार ठरवतो. गोव्यात लोखंडाच्या खाणवाल्यांनी वर्षानुवर्षं हलक्या प्रतीचं खनिज रिजेक्ट म्हणून गावाच्या उशाला टाकलं. ते लोकांच्या शेतात वाहून आलं, भाताची खाचरं लाल झाली. २००० नंतर चीन तेच हलकं खनिज विकत घेऊ लागला. रातोरात कचऱ्याची इस्टेट झाली, जुने ढीग उकरून बोटीत भरले गेले. आपल्या विदर्भातही तेच. नागपूरजवळ ओबीतून वाळू काढून विकायला लागले. शेतकऱ्याच्या मालकीची होती तेव्हा ती माती ओझं होती. ह्यांच्या ताब्यात गेली आणि तिचा माल झाला! म्हणजे ओझं मातीचं नव्हतंच कधी. ओझं होतं ते मातीवर जगणाऱ्याचं.

ह्या खात्याच्या डिक्शनरीतले आणखी काही शब्द घेऊ. एकेकाची झडती घेऊ.

डीवॉटरिंग. म्हणजे खाणीतलं पाणी उपसणं. ऐकायला किती निरुपद्रवी! खड्डा विहिरींपेक्षा कितीतरी खोल गेला की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी उताराला लागून त्या खड्ड्याकडं धावतं. खड्डा कोरडा ठेवायचा म्हणून पंप रात्रंदिवस चालतात. मग भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते, हातपंप नुसती हवा ओढतो आणि गावात टँकर येतो. टँकरपाशी शेवटी कोण उभं असतं, हे सांगायला पाहिजे का? १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. तिथून पाण्याचा हक्क सुरू झाला. आज विहीर कायद्यानं सगळ्यांना खुली आहे. फक्त तिच्यात पाणी नाही. आणि ह्याच उपशाचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरायचा कारखाना सरकारी कोळसा कंपनीनं नागपूरजवळ काढला. नाव काय? कोल नीर. विहीर आटली, बाटली भरली.

सबसिडन्स. म्हणजे जमीन खचणं. भुयारी खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. शेवटी तेही काढून घेतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. मोकळ्या जागेत वाळू भरायची असते. ती नीट भरली नाही तर आज ना उद्या छत बसतं आणि वरची जमीन खाली जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेलं. घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. खाण बंद झाली म्हणजे संपली, असं नसतं. कोळसा जातो, पोकळी राहते, आणि त्या पोकळीवर वस्ती कुणाची असते? ज्याला दुसरीकडं जागा घ्यायची ऐपत नाही त्याची.

रिक्लमेशन. म्हणजे जमीन पूर्ववत करणं. कागदावर फार सुंदर. वरची सुपीक माती वेगळी काढायची, वेगळी साठवायची, खड्डा भरल्यावर ती पुन्हा वर पसरायची, झाडं लावायची. पण वर्षानुवर्षं ढिगात दाबून ठेवलेल्या मातीतले जीवजंतू मरतात, ती माती राहत नाही, नुसता भुगा होतो. मग ओबीच्या उतारावर लवकर वाढणारी रोपं लावायची, हिरवा फोटो काढायचा, अहवालात चिकटवायचा. जिथं कापूस आणि तूर होत होती तिथं पर्यटकांसाठी बाग! २०१६ पासून खाण पर्यटनही सुरू झालंय. तिकीट काढा आणि आपल्या बापाच्या वावराचा खड्डा बघा. आणि सगळ्या भरावानंतरही जो शेवटचा खड्डा उरतो, तो तसाच सोडतात. त्याला म्हणतात फायनल व्हॉइड. अंतिम पोकळी.

हे सगळं पर्यावरणाचं झालं. आता मुद्द्याचं बोलतो.

मागं एका जनसुनावणीला गेलो होतो. खाण कुठली ते सोडा, सगळीकडं तोच तमाशा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं सुनावणी घ्यावी लागते म्हणून घेतात. मांडव, खुर्च्या, पोलिसांची गाडी, पाण्याच्या बाटल्या. अहवाल जाडजूड इंग्रजीत. मराठीत त्याचा चार पानी सारांश, तोही असा की वाचणाऱ्याला चक्कर यावी. पुढच्या खुर्च्यांवर जमीनवाले. आपली माणसं मांडवाच्या कडेला, उन्हात. मोठ्या शेतकऱ्यांनी भाव वाढवून मागितला, नोकऱ्या मागितल्या. बरोबर आहे, त्यांचा हक्क आहे तो.

मग एक म्हातारा उठला. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला. आम्ही त्याला मामा म्हणतो. मामा बोलला, "साहेब, माया नाव यादीत नाई दिसत."

साहेबानं विचारलं, "तुमचा गट नंबर काय?"

"गट नंबर कायचा साहेब? वावर मालकाचं. मी त्याच्यात चाळीस वर्सं राबलो. वावरच गेलं त मी कुठं राबू?"

साहेब म्हणाला, "मामा, तुम्ही बाधित नाहीत. तुमची जमीन जात नाही."

मामा थोडा वेळ उभाच राहिला. मग बसता बसता म्हणाला, "म्हंजे जमीन असती त मी माणूस, नाई त माती. बरं झालं सांगतलं साहेब."

लोक हसले. साहेबही हसला. मला हसू आलं नाही. मी घरी येऊन कायदा काढला.

१९५७ चा कोळसाधारक क्षेत्र कायदा. कोळसा सापडला की सरकार गॅझेटात अधिसूचना काढतं आणि जमीन घेतं. ग्रामसभेला विचारायची अट त्या कायद्यात नाही. हरकत घ्यायला ३० दिवस. पण हरकत कोण घेऊ शकतो? कलम ८ सांगतं, जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे तो. आणि हितसंबंध कुणाचा? ज्याला नुकसानभरपाईत हक्क सांगता येईल त्याचा. बस! मामाला भरपाई नाही, म्हणून हितसंबंध नाही. हितसंबंध नाही, म्हणून हरकतही नाही. त्याची भाकर बुडाली तरी तो कायद्याच्या लेखी वाटसरू. आणि नोकरी? कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरांमागं एक नोकरी असा हिशेब आहे. शून्य एकरांमागं किती होतात ते तुम्हीच मांडा.

आता विचारा, मामाकडं जमीन का नाही? आळशी होता म्हणून? अरे, ज्या व्यवस्थेनं आपल्याला वतनाचा तुकडा दिला तो गावची गुलामी करायच्या अटीवर दिला. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला आणि तुरुंग भरले. मागणी काय होती? पडीक जमीन, गायरान, कसेल त्याला द्या. कुठं मिळालं, बहुतेक ठिकाणी नाही मिळालं. जिथं पोटापाण्यासाठी गायरानाचा तुकडा नांगरला, तिथं आजही कागदावर अतिक्रमणदार. खाण आली की सातबाऱ्याच्या धन्याला मोबदला मिळतो आणि गायरान कसणाऱ्याला नोटीस. आधी जमीन द्यायची नाही, मग जमीन नाही म्हणून माणूस धरायचा नाही. ही लबाडी ओळखा!

म्हणून म्हणतो, ओव्हरबर्डन म्हणजे नुसती माती नाही. ओव्हरबर्डन म्हणजे आम्ही. कोळशाच्या वर राहणारे आणि कुठल्याच यादीत नसलेले.

आता दोन तोंडं गप्प करायची आहेत.

पहिलं तोंड पांढरपेशा पर्यावरणवाल्यांचं. हे ताडोबात जिप्सीत बसून वाघ बघतात आणि परत जाऊन निसर्ग वाचवा म्हणतात. वाघ वाचलाच पाहिजे, आमचं वाघाशी भांडण नाही. पण ह्यांच्या निसर्गात माणूस कुठंय? केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची गुणपत्रिका काढली, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आलं. पहिल्या पाचात नंबर! ती धूळ कुणाच्या फुप्फुसात बसते? ओबीच्या पायथ्याशी झोपडी कुणाची आहे? रेल्वे सायडिंगवर सांडलेला कोळसा टोपलीत वेचणारी बाई कोण आहे? तिला पोलीस चोर म्हणतात. डोंगर उकरणारा उद्योजक आणि टोपलीभर वेचणारी चोर! ह्यावर ह्या निसर्गप्रेमींनी एक तरी मोर्चा काढलेला कुणी पाहिलाय?

दुसरं तोंड आपलंच आहे. ते गप्प करणं जास्त अवघड. आपलीच काही शिकलेली पोरं म्हणतात, पर्यावरण हा आपला विषय नाही बे, तो भरल्या पोटाचा विषय आहे, आपल्याला नोकऱ्या पाहिजेत, खाण आली तर येऊ दे. मी त्यांना दोष देत नाही. बेकारीनं पिचलेल्या पोराला झाडाचं कौतुक सांगायला मी काही पुढारी नाही. पण हिशेब तरी करा! शतकाच्या सुरुवातीला कोल इंडियाच्या पटावर पाच लाखांच्या आसपास कामगार होते. २०२३ मध्ये ते अडीच लाखांच्या आत आले. त्याच काळात कोळसा दुपटीहून जास्त वाढला. कोळसा वाढतो, कामगार घटतो. ओबी उपसायचं काम ठेकेदाराकडं गेलंय. पर्मनंट नोकरी आणि तिच्यातलं आरक्षण, दोन्ही ओबीबरोबर उपसलं गेलं. ठेकेदाराच्या डंपरवर आरक्षण नसतं, हे लक्षात घ्या. म्हणजे नोकरीसाठी जमीन सोडा म्हणणाऱ्यानं जमीनही घेतली आणि नोकरीही.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन उद्योगाची आरती करणाऱ्यांनी बाबासाहेबांचं काम तरी बघावं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले. खाणीत उतरले, कामगारांच्या चाळी बघितल्या. नुसता कोळसा मोजून परतले नाहीत. १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, कोळशाच्या प्रत्येक टनावर पैसा लावून तो कामगाराच्या घरासाठी, दवाखान्यासाठी, पाण्यासाठी वापरायचा. खाणीतल्या बाईच्या बाळंतपणाचा कायदा त्यांनी सुधारून घेतला. बाबासाहेब उद्योगाच्या विरोधात नव्हते. पण जमिनीतून संपत्ती निघते तेव्हा तिच्यातून माणूस वजा करायचा नाही, हे त्यांचं गणित होतं. आणि हेच बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात उभे राहून लाखोंना दीक्षा देऊन गेले. त्या दीक्षाभूमीच्या आभाळात आज कोळशाची धूळ आहे. ती नुसती झाडूवाल्यानं झाडायची आहे का?

तर करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन ओबी हलत नाही.

एक. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक वस्तीत भूमिहीनांची आपली यादी आपण करायची. कोण कुणाच्या शेतात किती वर्षं राबलं, कोण गायरान कसतं, कोण बटईनं करतं. सरकारच्या यादीत नाव नसेल तर आपल्या यादीत असू दे. सुनावणीत ती टेबलावर आपटायची.

दोन. कलम ८ मधली हितसंबंधाची व्याख्या बदला, ही मागणी रस्त्यावर आणायची. ज्याची मजुरी बुडते तोही हितसंबंधी. त्यालाही हरकतीचा हक्क, त्यालाही नोकरी. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबद्दल २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांना विचारायला लावलं, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हणून सांगितलं. तिथला आदिवासी नाही म्हणू शकतो, तर आपला भूमिहीन निदान उभा राहून बोलू तरी शकला पाहिजे.

तीन. विहिरी मोजा. शिकलेल्या पोरांनी दर महिन्याला दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहायची, तारखेसकट. उद्या ते म्हणतील पाऊस कमी झाला म्हणून विहीर आटली. तेव्हा आपली वही बोलेल.

चार. २०१५ च्या दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणीच्या पैशातला हिस्सा बाधितांसाठी खर्च करायचा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि विचारा, तो पैसा आपल्या वस्तीत किती आला आणि कमानी-रस्त्यांवर किती उडाला.

पाच. त्यांची भाषा त्यांच्याच तोंडावर फेका. सुनावणीत कुणी ओव्हरबर्डन म्हणालं की उभं राहायचं आणि विचारायचं, ओझं कुणाचं, साहेब? कुणावर?

कारण दोस्तहो, खरा हिशेब उलटा आहे. आमच्या पाठीवर कोळशाची टोपली, आमच्या छातीत कोळशाची धूळ, आमच्या घराखाली कोळशाची पोकळी. मुंबई-पुण्यात तुमच्या डोक्यावर जो दिवा जळतो, त्याच्या खाली अंधार आमचा आहे. ओझं आम्ही नाही. ओझं आम्ही वाहतोय. आणि वाहणारा माणूस ज्या दिवशी खांदा काढून घेतो, त्या दिवशी वरचं सगळं खाली येतं. खाणीत ह्याला छत बसणं म्हणतात. हा शब्द मात्र त्यांनी पाठ करून ठेवावा.

जयभीम!